रामगोंडाआण्णांचा उजवा कान

आमच्या गावात खऱ्या बहिऱ्या माणसाला कुणी बहिरा म्हणत नाही. शब्द आहे, आणि दिवसातून शंभरदा वापरातही आहे. हाक मारून वळला नाही त्या पोराला म्हणतात, "भैरा हैस का रं?" बायको नवऱ्याला म्हणते, सासू सुनेला म्हणते, दावं तोडून निघालेल्या म्हशीलासुद्धा म्हणतात. ज्याचे कान शाबूत आहेत त्याला खुशाल म्हणावं. पण ज्याला खरोखरच ऐकू येत नाही, त्याचा विषय निघाला की माणसं आवाज खाली आणतात आणि म्हणतात, "कानानं जरा जड हाय." यातला 'जरा' फार लबाड आहे. कानात मळ साठलाय तोही जरा जड, आणि शेजारी ढोल बडवला तरी ज्याची पापणी हलत नाही तोही जरा जडच. मरायला टेकलेल्या माणसाला 'जरा बरं नाही' म्हणायची आपली रीत आहे, त्यातलाच हा प्रकार.

हे मी अधिकारानं बोलते, कारण माझी भाकरीच माणसांच्या कानांवर आहे. सांगलीत कान-नाक-घशाच्या एका दवाखान्यात मी कान तपासते. एक बंद खोली, एक काच, काचेच्या आत पेशंट आणि बाहेर मी. त्याच्या कानात बारीक-जाड आवाज सोडायचे, ऐकू आलं की त्यानं बटण दाबायचं. शेवटी कागदावर आलेख निघतो आणि त्याखाली एक शब्द लिहावा लागतो. सौम्य, मध्यम, तीव्र, अतितीव्र. सरकारी कागदावर आणि शाळांच्या पाटीवर 'कर्णबधिर' असतं. तो शब्द दिसायला चांगला आहे आणि कुणाच्या तोंडात बसत नाही. गावाकडची माणसं मात्र शेवटच्या पायरीला 'ठार बहिरा' म्हणतात. ठार हा शब्द आपण मारण्याला लावतो. तो कानाला कुणी लावला आणि का लावला, याचा मी पूर्वी विचार केला नव्हता. आता येता-जाता तोच डोक्यात असतो.

रामगोंडाआण्णांना तोंडावर कुणीही बहिरा म्हणालं नाही. त्यात मीही आले, आणि मला तर ते छापील कागदावर माहीत होतं. मी वेळेवर बोलले असते तर पुढचं झालं नसतं.

आण्णा आमच्या गुऱ्हाळावरचे गुळव्या. आमच्या म्हणजे माझे चुलते हंबीरराव यांच्या. कुंडलहून नदीकडं जाणाऱ्या रस्त्याला हे गुऱ्हाळ आहे. आसपासची बहुतेक बंद पडली, ऊस कारखान्याला जातो, पण आमचं चालू राहिलं ते आण्णांमुळं. गुळव्या म्हणजे गुळाचा कारागीर. उसाचा रस काहिलीत, म्हणजे खाटेपेक्षाही मोठ्या पसरट कढईत, अडीच-तीन तास उकळतो. तो कधी उतरवायचा हे गुळव्यानं सांगायचं. लवकर उतरवला तर गूळ बसत नाही, उशीर झाला तर करपतो. आण्णा थंड पाण्याच्या ताटलीत पाकाचा थेंब टाकायचे, बोटांनी त्याची गोळी करायचे आणि ती पत्र्यावर फेकून मारायचे. टण्ण असा आवाज आला की म्हणायचे, "उतरा." आम्ही मुलं त्या 'टण्ण'साठी कान लावून बसायचो, कारण त्यानंतर उसाच्या कांड्यावर गरम गूळ मिळायचा.

जातीनं जैन, घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या शेती, आणि हा माणूस शेतीपेक्षा आगीत रमलेला. पण आगीपुढंही धर्म सांभाळायचे. रस दोनदा फडक्यातून गाळून घ्यायचे, मुंगी जरी निघाली तरी उचलून बाजूला सोडायचे. चुलाणात चिपाडाचा भारा ढकलण्याआधी तो जमिनीवर दोनदा आपटायला लावायचे. आत सरडा, उंदीर काय असेल ते पळू दे, म्हणायचे. नवा माणूस हसला की त्याला सुनावायचे, "जीव शिजवून गूळ करायचा न्हाई आपल्याला." दिवस मावळायच्या आत जेवायचे, मग काहिलीतल्या रसाचं आधण अर्ध्यावर असलं तरी. पंचक्रोशीत त्यांना नावं ठेवायला जागा नव्हती, आणि माझ्या मते हीच पहिली अडचण झाली. ज्याला नावं ठेवायला जागा नाही त्याला कुणी काही सांगायला जात नाही.

तीस वर्षं त्यांच्या उजव्या खांद्याजवळ डिझेलचं इंजिन धडधडत होतं. उसाचा चरक त्याच्यावर फिरायचा. पुढं विजेची मोटर आली, इंजिन भंगारात गेलं, आणि त्या रिकाम्या झालेल्या जागेत हंबीरकाकांनी गूळ ओतायचा वाफा वाढवून घेतला. वाफा म्हणजे जमिनीतला सिमेंटचा उथळ हौद. तोही मग आण्णांच्या उजव्या हाताला आला. हे तेव्हा कुणाच्या लक्षात येण्यासारखं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी दसऱ्याच्या आधी चंदनबालाआक्का, म्हणजे आण्णांची बायको, त्यांना घेऊन माझ्याकडं आल्या. आण्णा वैतागलेले होते. मला बघून मात्र हसले. "ह्या बाईला कायतरी काढायचंच असतंय," म्हणाले. "माझं कान धडधाकट हाईत. हल्ली माणसंच बारीक बोलत्यात. सगळ्यांच्या तोंडात जीवच न्हाई. त्यो केरबा बघ, तीस वर्सं वाफ्यावर हाय, पैल्यांदा कसा वरडायचा. आता आळशी झालाय. वरडतच न्हाई. मीच बघून घेतो."

मी हसले. खरं सांगते, हसले मी. केरबा आमच्या वाफ्यावरचा माणूस, आवाज असा की नदीपलीकडच्या मळ्यातून ऐकू यावा. तो ओरडायचं बंद करेल, हे शक्यच नव्हतं. हे तिथंच, त्याच क्षणी मला कळायला हवं होतं. पण म्हातारी माणसं बोलतात, आपण हसतो, तसं झालं.

आण्णा काचेच्या आत बसले. कानाला हेडफोन लावले, हातात बटण दिलं. उजव्या कानात मी आवाज सोडत गेले, वाढवत गेले, मशीन देईल तिथपर्यंत गेले. आण्णा माझ्याकडं बघून शांतपणे वाट बघत होते. कधी सुरू करणार, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. डाव्या कानात जाड आवाजांना त्यांनी बटण दाबलं, बारीक आवाजांना नाही. म्हणजे मोटरची घरघर कळत होती, ट्रॅक्टर जवळ आला तर कळत होता, समोर बसून कुणी बोललं तर त्या माणसाच्या ओठांवरून निम्मं आणि अंदाजानं निम्मं. पत्र्यावरच्या गोळीचं 'टण्ण' कळणं शक्य नव्हतं. उजवीकडून कुणी बोंब मारली तरी कळणं शक्य नव्हतं. उजवा कान ठार झाला होता.

डॉक्टरांनी आलेख बघितला, आक्कांना म्हणाले, "मशीन लावा," आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. आक्का माझ्या मागोमाग खोलीत आल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

"राजू," त्या मला म्हणाल्या, "काय निघालं?"

मी सांगायला तोंड उघडलं तसा त्यांनी माझ्या ओठांवर हातच ठेवला. "त्यो शब्द काढू नगंस बाळ. वास्तू तथास्तु म्हणती. घरात आमी कुणी म्हणत न्हाई. म्हटलं की खरं हुतंय."

"आक्का, ते आधीच झालंय."

"झालं असू दे. पर म्हणू नगंस. त्यांच्या हातातलं काम गेलं तर ते चार म्हैनं जगायचं न्हाईत. तुला ठावं हाय त्यांचा स्वभाव."

मला ठाऊक होता. म्हणून मी बाहेर जाऊन आण्णांच्या डाव्या बाजूला बसले आणि म्हणाले, "आण्णा, वयानं जरा कमी येतंय ऐकायला." आण्णा म्हणाले, "व्हय, वय झालंच की." ते समाधानानं उठले. रिपोर्ट आक्कांनी घडी करून पिशवीत घातला. कानात लावायचं मशीन त्यांनी घेतलं, पण ते डबीतून बाहेर आलं नाही. मशीन दिसलं की गावाला कळणार, ही भीती. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पुढच्या रविवारी मी गावी गेले. हंबीरकाका गुऱ्हाळावर खुर्ची टाकून बसले होते, केरबा शेजारी उकिडवा बसून तंबाखू मळत होता. काकांनी विचारलं, "काय गं, गुळव्याचं काय निघालं?"

आण्णा समोरच चुलाणाशी होते, पाठ आमच्याकडं. त्यांच्या पाठीकडं बघून मी म्हणाले, "जरा जड ऐकू येतंय."

काकांनी मान हलवली. त्यांना 'जरा' पुरेसा होता. हंगाम तोंडावर, दुसरा गुळव्या आणायचा कुठून. पण केरबा तंबाखू मळायचा थांबला. "ताई, म्हंजे आमी वरडल्यालं ऐकू जातंय न्हवं?"

"जाड आवाज येतात त्यांना," मी म्हणाले.

हे खोटं नव्हतं. दवाखान्यात असंच बोलतात. केरबाचा आवाज जाड होता, त्यामुळं त्याला वाटलं आपलं भागलं. तो म्हणाला, "मग काय काळजी न्हाई," आणि तंबाखू तोंडात टाकली. मी उठून घरी गेले.

आता वाफ्यावरची रीत सांगते, कारण सगळं तिच्यावर अवलंबून होतं. पाक तयार झाला की काहिलीच्या कड्यांत साखळ्या अडकवतात, दोन माणसं वरच्या कप्पीवरून ती उचलून धरतात आणि वाफ्याच्या काठावर आणतात. मग गुळव्या लांब आकडीनं काहिलीचा काठ ओढतो आणि उकळता पाक वाफ्यात उतरतो. त्याआधी वाफ्यात उतरून मागच्या आधणाचा चिकटलेला गूळ खरवडायचं काम केरबाचं. खरवडून झालं की त्यानं वर यायचं आणि ओरडायचं, "वाफा मोकळा!" त्यावर गुळव्यानं म्हणायचं, "येऊ दे!" या दोन हाकांशिवाय आकडीला हात लावायचा नाही. आण्णांनीच तरुणपणी ही शिस्त घालून दिली होती. पाऊणशे किलो उकळता पाक माणसाच्या अंगावर पडला तर तो पाण्यासारखा निथळून जात नाही. चिकटून बसतो.

त्या हंगामात मी सुट्टी मिळेल तेव्हा गुऱ्हाळावर जाऊन बसायला लागले. लोकांना वाटलं पोरीला गावाची ओढ लागली. मी बघत होते. आण्णा आता गोळी पत्र्यावर मारत नव्हते. अंगठ्यानं दाबून बघायचे आणि "उतरा" म्हणायचे. गूळ पहिल्यासारखाच उतरायचा, म्हणून कुणी काही विचारलं नाही. केरबा ओरडायचा, आण्णा "येऊ दे" म्हणायचे, काहील कलंडायची. हे इतकं बिनचूक चालायचं की माझाच माझ्या आलेखावरचा विश्वास उडायला लागला.

मग एका दुपारी केरबाला ठसका लागला. तो वाफ्यातून वर आला, छाती धरून खोकायला लागला, तोंडातून शब्द फुटेना. आणि आण्णा म्हणाले, "येऊ दे!"

साखळीवरच्या माणसांनी काहील कलंडू दिली. केरबा वरच होता, काही बिघडलं नाही. सगळे हसले. केरबाही खोकत खोकत हसला, "गुळव्याला मनातलं ऐकाय येतंय गड्या." माझ्या मात्र तेव्हा लक्षात आलं. आण्णा हाकेला उत्तर देत नव्हते. ते डोळ्यांनी केरबाला वर येताना बघत होते, आणि नंतर आपल्या वाटणीचा शब्द म्हणत होते. हे कदाचित दोन-तीन वर्षं चाललं असेल. मी वर बघितलं. दुपार होती, ऊन होतं, वाफ पातळ होती, म्हणून दिसत होतं. पौष-माघातल्या सकाळी त्या पत्र्याखाली वाफ अशी कोंडते की हातभर अंतरावरचा माणूस पांढरा होऊन जातो.

मी काकांकडं गेले. म्हणाले, "काका, आण्णांना आकडीवरून काढा. पाक बघू द्यात, पण आकडी दुसऱ्याकडं द्या."

काका म्हणाले, "का? तूच म्हणालीस जरा जड हाय म्हणून. जरा जड तर मीबी हाय."

तिथं मला तो शब्द काढायचा होता. तो माझ्या जिभेवर होता. काकांच्या मागं आण्णा चिपाडाचा भारा जमिनीवर आपटत होते, एकदा, दोनदा, आणि आतून एखादा जीव पळतोय का ते वाकून बघत होते. माझ्या तोंडून निघालं, "वय झालंय त्यांचं, म्हणून म्हटलं." काका म्हणाले, "बघू पुढच्या हंगामाला." पुढचा हंगाम आला, तेव्हा ते विसरले होते, आणि मी आठवण केली नाही. सगळ्या गावानं मिळून एका माणसाकडं कानाडोळा केला, त्यात मी शहाणी सगळ्यात पुढं.

त्याच हंगामातली, पौषातली सकाळ होती. मी सांगलीत होते, काचेच्या आत एक म्हातारी बसली होती आणि माझा फोन थरथरत होता. पुढचं साखळीवरच्या माणसांनी मला सांगितलं ते असं. सकाळचं पहिलं आधण, वाफ जमिनीपर्यंत उतरलेली. केरबानं वाफा खरवडला, वर आला, "वाफा मोकळा" म्हणून ओरडला. आण्णांना वाफेत धूसर झालेला माणूस वर आलेला दिसला. मग केरबाच्या लक्षात आलं की खुरपं आतच राहिलं. ते पाकात गेलं तर ढेपेत निघेल आणि गिऱ्हाइकाचा दात पाडेल, म्हणून तो वाफेआड पटकन खाली उतरला, आणि उतरता उतरता ओरडला, "थांबा! थांबा आण्णा!" साखळीवरच्या दोघांनी ऐकलं. त्यांनीही उजवीकडूनच आरोळ्या मारल्या. काहील त्यांच्या हातात होती, पण काठ आण्णांच्या आकडीत होता. आण्णा म्हणाले, "येऊ दे!" आणि त्यांनी सगळं वजन टाकून ओढलं.

केरबाच्या किंकाळीनं रस्त्यावरच्या उसाच्या गाड्या थांबल्या म्हणतात. आण्णा आकडी धरून तसेच उभे होते. सगळे धावायला लागले तेव्हा त्यांनी मान वळवली.

केरबा वाचला. गुडघ्याखाली दोन्ही पाय भाजले, डाव्या पायाची बोटं काढावी लागली. तीन महिने मिरजेच्या दवाखान्यात होता. पंचनाम्यात लिहिलं, पाय घसरून वाफ्यात पडला. गावातही तेच बोलायचं ठरलं, कुणी ठरवलं ते कळलं नाही. काकांनी कानावर हात ठेवले. साखळीवरची माणसं माझ्याशिवाय कुणाजवळ बोलली नाहीत. आण्णांना सांगितलं गेलं की केरबानं त्या दिवशी हाकच दिली नाही. ते त्यांना पटलंही, कारण त्यांच्या हिशेबी केरबा गेली कित्येक वर्षं हाक देतच नव्हता. "मी म्हणत हुतो," ते आक्कांना म्हणाले म्हणे, "आळस एक दिवस घात करतोय."

उन्हाळ्यात एक दिवस आण्णा एकटे माझ्याकडं आले. हातात तो रिपोर्ट होता. ट्रंकेत लुगड्यांच्या खाली सापडला, म्हणाले. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण आलेख बघितला होता. उजव्या कानाची रेघ कागदाच्या तळाला गेलेली.

"ही रेघ खाली का गेलीया?" त्यांनी विचारलं. "हितं काय लिवलंय ते वाच."

मी दार उघडंच ठेवलं. त्यांच्या समोर बसले, तोंडावर उजेड येईल अशी. "आण्णा, तुमी भैरं झालायसा."

त्यांनी माझ्या ओठांकडं बघितलं. "पुन्हा म्हण."

"भैरं झालायसा. उजव्या कानानं कायबी ऐकाय येत न्हाई."

बाहेरच्या बाकावरची माणसं माना वळवून बघायला लागली. आण्णांनी त्या खाली गेलेल्या रेघेवर बोट ठेवलं. "कवापासनं?"

"मी तपासलं तवाच निघालं. दोन वर्सं हुत आली."

"आणि केरबा वरडायचा?"

"रोज वरडायचा आण्णा. त्या दिवशीबी वरडला."

त्यांच्या चेहऱ्यावर काय झालं ते मला लिहिता येत नाही. ते रडले नाहीत, मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं वाटलं असतं. त्यांनी कागदाची घडी केली, खिशात ठेवली आणि म्हणाले, "चल. केरबाकडं जाऊ."

मी डॉक्टरांना न सांगता निघाले. एसटीनं गेलो.

केरबाचं घर गावाच्या टोकाला, मळ्याला लागून. त्याची बायको बनाबाई दारात तांदूळ निवडत होती. आम्हाला बघून ती उठली आणि सुपासकट आत सरकली. केरबा बाजेवर भिंतीकडं तोंड करून पडला होता. पायांवर पातळ फडकं. आण्णांनी उंबऱ्याबाहेर चपला काढल्या. आत गेले नाहीत. हात जोडले आणि म्हणाले, "केरबा, उत्तम क्षमा."

पर्युषण संपलं की जैन माणसं वर्षभराच्या चुकांसाठी सगळ्यांकडं क्षमा मागतात, तेव्हा म्हणायचे हे शब्द. आण्णा दर वर्षी ते गुऱ्हाळावर येऊन सगळ्यांना म्हणायचे, केरबालाही. केरबा दर वर्षी लाजून "व्हय व्हय" म्हणायचा आणि बदल्यात तंबाखूची पुडी पुढं करायचा, आण्णा खात नाहीत हे माहीत असून. आज वैशाख होता, पर्युषण लांब होतं.

केरबा वळला नाही. भिंतीकडं बघतच बोलला. त्याचा आवाज अजून तसाच होता, मला शब्द न्‌ शब्द ऐकू आला.

आण्णांना त्याची फक्त मान दिसत होती. त्यांनी माझ्याकडं बघितलं. "काय म्हणला?"

बनाबाई माझ्या कानाशी आली. "ऱ्हाऊ द्या ताई. म्हातारं माणूस हाय. म्हणावं बरं हाय म्हणतोय." तिचे डोळे भरले होते आणि ती मनापासून सांगत होती. इतकं सोपं होतं ते. आण्णांना कधीच कळलं नसतं, ते समाधानानं घरी गेले असते, मीसुद्धा.

मी आण्णांच्या समोर जाऊन उभी राहिले. "आण्णा, त्यो म्हणतोय, माझ्या दारात पुन्हा येऊ नगासा. आन मलाबी म्हणतोय. ताईनंबी येऊ नगं, म्हणतोय."

आण्णांनी माझे ओठ शेवटपर्यंत वाचले. मान हलवली. "बरं," म्हणाले. चपला घातल्या, एक चप्पल उलटी झाली होती ती वाकून सरळ केली, आणि चालायला लागले. आतून बनाबाईचा हुंदका आला, तो फक्त मला आणि केरबाला ऐकू आला.

मी मागं राहिले होते. रस्त्याला आले तर आण्णा बरेच पुढं गेलेले, रस्त्याच्या अगदी मधून, हात मागं बांधून. त्यांच्या पाठीमागून, उजव्या अंगानं, खताच्या पोत्यांनी भरलेला ट्रॅक्टर येत होता. ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसला होता. हॉर्न वाजवला की माणूस बाजूला होतो, हे त्याला ठाऊक होतं. आण्णांची चाल बदलली नाही.

मी हाक मारली नाही. धावत जाऊन त्यांचा हात धरला आणि त्यांना बाजूला ओढलं.